शेपटीवर विसंबू नका : म्हाताऱ्या, आजारी कुत्रीच्या सोबतीविषयी

प्रश्न : आमची चिमी १२ वर्षांची आहे. तीन आठवड्यांपूर्वी तिला मूत्रपिंडाचा जुनाट विकार असल्याचे निदान झाले. रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात ते टाकाऊ द्रव्य) ३.४ आहे आणि डॉक्टरांनी तिसरा टप्पा सांगितला आहे. ती थोडेच खाते, पाणी मात्र खूप पिते, आणि मी घरी आले की अजूनही शेपटी हलवत दारापर्यंत येते. आम्हाला हे आधी का कळले नाही? तिला निरोप देण्याची वेळ आली हे ओळखायचे कसे? ९ वर्षांच्या मुलाला काय सांगायचे, आणि घरातल्या दुसऱ्या कुत्र्याचे काय होईल? यजमान म्हणतात की यापुढे घरात कुत्रा आणायचा नाही, एवढे दुःख सोसण्यात काय अर्थ आहे.

उत्तर :

गेली २७ वर्षे मी लहान प्राण्यांवर उपचार करते आहे. तुम्ही विचारलेले प्रश्न मला बहुधा तपासणी संपल्यावर विचारले जातात, औषधांची पिशवी हातात घेऊन माणूस दारापर्यंत गेलेला असतो आणि तिथून परत वळतो. तुम्ही ते सगळे एकत्र आणि स्पष्ट विचारलेत, म्हणून उत्तरही सविस्तर देते. सुरुवात 'आधी का कळले नाही' यापासून करते, कारण ही टोचणी मनात असेपर्यंत माणसाच्या कानावर पडलेले बाकीचे काहीही आत उतरत नाही, असा माझा अनुभव आहे.

तुम्हाला आधी कळले नाही, कारण हा आजार आधी कळू देत नाही. मूत्रपिंडात रक्त गाळणारे लाखो सूक्ष्म घटक असतात आणि त्यांचा साठा गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतो. काही घटक निकामी झाले की उरलेले त्यांचे काम अंगावर घेतात, आणि बाहेरून प्राणी ठणठणीत दिसत राहतो. साधारण दोनतृतीयांश कार्यक्षमता गेल्यावर लघवी दाट करण्याची ताकद संपते. लघवी पातळ आणि भरपूर होऊ लागते, आणि गेलेले पाणी भरून काढण्यासाठी कुत्रा पुन्हा पुन्हा भांड्याकडे जातो. रक्तातले क्रिएटिनिन सामान्य मर्यादेबाहेर जाते ते जवळजवळ तीनचतुर्थांश कार्यक्षमता गेल्यानंतर. म्हणजे वर्षापूर्वी तुम्ही रक्त तपासले असते, तरी तो अहवाल कदाचित चांगलाच आला असता. एसडीएमए नावाची रक्ततपासणी थोडी आधी इशारा देते. घरातला दुसरा कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला की वर्षातून एकदा त्याची ही तपासणी आणि सोबत लघवीची तपासणी करून घ्या. मात्र चिमीच्या बाबतीत मागे वळून स्वतःवर ठपका ठेवण्यासारखे मला काही दिसत नाही. ती जास्त पाणी पिते आहे हे तुमच्या लक्षात आले आणि तुम्ही तिला दवाखान्यात नेलेत. या आजाराचे निदान बहुतेक घरांत याच वाटेने होते.

तिसरा टप्पा म्हणजे क्रिएटिनिन २.९ ते ५.० च्या दरम्यान. हा आजार बरा होत नाही, हे तुम्हाला सांगितले गेले असेलच. पण 'बरा होत नाही' याचा अर्थ 'आता करण्यासारखे काही नाही' असा होत नाही, आणि या दोन वाक्यांमधली जागा फार मोठी आहे. कित्येक कुत्री या टप्प्यावर अनेक महिने, क्वचित त्याहूनही जास्त काळ, समाधानाने राहतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मूत्रपिंडाचा विकार असलेल्या ३८ कुत्र्यांचा दोन वर्षांपर्यंत मागोवा घेतला होता. त्यांपैकी ज्यांना फॉस्फरस आणि प्रथिने मर्यादित असलेला खास आहार दिला गेला, त्यांची प्रकृती उशिरा ढासळली आणि ती जास्त जगली. म्हणून आहार बदलणे हा औषधाइतकाच गंभीर उपचार आहे. तो बदलताना एक चूक मात्र वारंवार होते. कुत्रीला मळमळत असतानाच नवे अन्न समोर ठेवले जाते, त्यातच कडू गोळ्या कुस्करल्या जातात, आणि त्या अन्नाचा वास व पोटातली मळमळ यांची तिच्या डोक्यात कायमची गाठ पडते. मग ते अन्न ती पुन्हा तोंडात घेत नाही. आधी मळमळ आटोक्यात आणा, मग आठ-दहा दिवसांत थोडे थोडे मिसळत अन्न बदला, आणि गोळ्या वेगळ्याच कशात तरी द्या.

मळमळ ओळखायची कशी, हेही सांगते, कारण 'ती खात नाही, नखरे करते' असे ज्याला घरात म्हटले जाते ते पुष्कळदा मळमळणेच असते. कुत्री भांड्यापाशी उत्सुकतेने येते, वास घेते, तोंड फिरवते, ओठ चाटते, घोट गिळल्यासारखे करते आणि दूर जाऊन बसते. तिला भूक असते, पण अन्न जवळ आले की पोटात ढवळते. दुसरी खूण याहून ठळक आहे : कुत्री पाण्याच्या भांड्यावर मान खाली घालून नुसती उभी राहते, कधी हनुवटी भांड्याच्या काठावर टेकते, पाणी मात्र पीत नाही. हे दृश्य दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मळमळीवर चांगली औषधे आहेत, आणि ती सुरू केल्यावर 'जेवण सोडलेली' कुत्री दोन दिवसांत पुन्हा खाऊ लागल्याचे मी असंख्य वेळा पाहिले आहे.

आणखी तीन गोष्टी थोडक्यात. रात्री घरात लघवी करते म्हणून तिचे पाणी कधीही तोडू नका. ती पिते त्यापेक्षा जास्त पाणी शरीराबाहेर टाकते आहे, आणि पाणी तोडल्यास काही तासांत तिची अवस्था बिघडू शकते. लंगडते म्हणून माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेनसारखे औषध निरोगी कुत्र्याच्याही मूत्रपिंडाला इजा करते, मग चिमीच्या मूत्रपिंडांची काय कथा. आणि तिचा रक्तदाब मोजला गेला आहे का, लघवीतून प्रथिने जात आहेत का, हे विचारून घ्या, कारण या दोन्हींवर औषध देता येते आणि दोन्हींकडे दुर्लक्ष झाले तर उरलेले मूत्रपिंड लवकर झिजते. पुढे गरज पडली तर त्वचेखाली सलाईन देणे डॉक्टर तुम्हाला शिकवतील. पहिल्या वेळी हात थरथरतो, चौथ्या-पाचव्या वेळी ती तुमच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेली असते.

आता निरोपाच्या वेळेविषयी. तुम्ही लिहिले आहे की ती अजूनही शेपटी हलवत दारापर्यंत येते. हे वाक्य वाचून मी थांबले, कारण नेमके याच वाक्याने मला एकदा फसवले होते.

माझा बंड्या १३ वर्षांचा असताना त्याच्या हृदयाची झडप गळू लागली. लहान जातीच्या कुत्र्यांत हा आजार पुष्कळ आढळतो. मी स्वतःच त्याचे औषध चालवत होते आणि इतरांना सांगते तसे रोज रात्री तो झोपला की त्याचे श्वास मोजून वहीत लिहीत होते. झोपेत मिनिटाला ३० च्या आत श्वास असले तर ठीक समजतात. बंड्याचे आकडे कित्येक महिने २२ ते २६ होते. मग ३४ आले, औषध वाढवल्यावर २८ वर उतरले, पुन्हा ३८ झाले. शेवटच्या आठवड्यात तो कुशीवर निजेनासा झाला. कोपरे छातीपासून दूर धरून, मान पुढे काढून, तो रात्रभर बसून राहायचा, डोळे मिटायचे आणि डोके खाली कलंडले की दचकून उठायचा. हे सगळे माझ्याच अक्षरात वहीत लिहिलेले आहे. तरीही मी आठ दिवस थांबले, कारण सकाळी मी खोलीत गेले की तो शेपटी हलवायचा. दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याची ती वही असती तर मी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलले असते. ते आठ दिवस मी माझ्यासाठी घेतले, त्याच्यासाठी नव्हे, आणि इतक्या वर्षांनंतरही मला ते खुपते.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की शेपटीवर विसंबू नका. तुम्हाला पाहून होणारा आनंद ही कुत्र्याची फार जुनी, फार खोलवरची प्रतिक्रिया आहे. २००७ साली इटलीतल्या संशोधकांनी ३० कुत्र्यांची शेपटी बारकाईने टिपली, तेव्हा आपला माणूस दिसताच ती किंचित उजवीकडे जास्त झुकते असे आढळले. म्हणजे ही ओढ मेंदूच्या एका ठरावीक बाजूला जागी होते आणि शेपटीच्या कलातून दिसते, इतकी ती मुरलेली आहे. ती शरीर थकल्यावरही शिल्लक राहते, अतिशय दुखत असतानाही शिल्लक राहते. ती खरी असते, यात शंका नाही. पण 'मला माझी माणसे हवी आहेत' एवढेच ती सांगते. 'माझे बरे चालले आहे' हे त्यातून कळत नाही. जुनाट वेदना असलेला कुत्रा सहसा विव्हळत नाही. तो कमी उठतो, उठताना क्षणभर थांबतो, जिन्यापाशी विचार करतो, ठरावीक जागा टाळतो, रात्री कूस बदलत राहतो.

म्हणून ती एकटी असताना काय करते ते पाहा. मोबाईल कुठेतरी नीट टेकवून चित्रीकरण सुरू करा आणि घरातून तासभर बाहेर जा. परत आल्यावर दिसणारी चिमी आणि त्या तासातली चिमी या दोघी सारख्या आहेत का, हे पाहा. ती निवांत झोपलेली दिसली, मध्येच उठून पाणी पिऊन पुन्हा वेटोळे करून पडली, तर तुमच्याकडे अजून वेळ आहे. ती तासभर एका जागी उभी राहिली, भिंतीकडे तोंड करून बसली, किंवा अस्वस्थपणे जागा बदलत राहिली, तर ते चित्रीकरण डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात आल्यावर भीतीने किंवा उत्साहाने कुत्री वेगळी वागतात. आम्हाला खरी चिमी दहा मिनिटांत दिसत नाही.

पशुवैद्यक अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ साली मांडलेली गुणांची एक पद्धत आम्ही पुष्कळदा वापरतो. वेदना, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. ७० पैकी ३५ च्या वर बेरीज असली तर सोबत पुढे चालू ठेवायला हरकत नाही असे मानतात. ही पद्धत उपयोगी आहे, विशेषतः घरातल्या दोन माणसांची मते जुळत नसतील तेव्हा. तुम्ही आणि यजमान दोघांनी वेगवेगळ्या कागदावर, एकमेकांना न दाखवता, आठवड्यातून एकदा गुण लिहा. आकड्यांत फरक पडला की भांडणाऐवजी बोलणे सुरू होते. मात्र ३५ ही काही दगडावरची रेघ नव्हे. श्वास घ्यायला त्रास होणाऱ्या कुत्र्याला बाकी सहा गोष्टींत पैकीच्या पैकी मिळाले, तरी माझ्या मते त्या बेरजेला काही किंमत नाही.

बेरजेपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते ती तुमची स्वतःची १२ वर्षे. चिमी कशी आहे हे जगात तुमच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. कुत्र्याबरोबर राहण्याचा आनंद, नीट पाहिले तर, अशा बारीक ओळखीचाच बनलेला असतो : ती कुठल्या कुशीवर झोपते, दोरी काढल्याचा आवाज झाला की कशी आळस देते, कुणाच्या पावलांना भुंकते आणि कुणाच्या नाही, मोज्यांचा जोड असेल तर त्यातला एकच कसा पळवते. २०१५ साली जपानमधल्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. हेच संप्रेरक आई आणि तान्ह्या बाळातली ओढ घट्ट करते. या पाहण्यातून तुमच्याकडे जे साठले आहे तेच आता तुम्हाला उपयोगी पडणार आहे. आज रात्री वहीत अशा तीन गोष्टी लिहून ठेवा ज्यांच्यामुळे चिमी ही चिमी आहे. 'खाते', 'चालते' असे मोघम लिहू नका. 'मुलगा अभ्यासाला बसला की त्याच्या पायांवर येऊन पडते', असे लिहा. या तीनपैकी दोन गोष्टी तिने सोडल्या आणि औषध बदलूनही आठवडाभरात परत धरल्या नाहीत, तर ती तुम्हाला सांगते आहे असे समजा. यादी आजच करायला सांगते आहे, कारण पुढे मन घासाघीस करू लागते. एके काळी धावणारी कुत्री चालली तरी पुरे वाटते, मग उभी राहिली तरी पुरे वाटते, मग नुसती मान वर केली तरी.

वेळेविषयी माझे मत विचाराल तर ते ठाम आहे : एक दिवस उशीर होण्यापेक्षा एक आठवडा लवकर झालेले बरे. मूत्रपिंडाच्या आजाराचा नैसर्गिक शेवट शांत झोपेत होतो अशी अनेकांची समजूत असते आणि ती बहुतेक वेळा खरी ठरत नाही. शरीरात साठलेल्या विषारी द्रव्यांमुळे सतत उलट्या होतात, तोंडात आणि जिभेच्या कडांवर जखमा होतात, श्वासाला उग्र वास येतो, अशक्तपणा इतका वाढतो की मान उचलवत नाही, काही कुत्र्यांना झटके येतात. हे लिहिताना मला बरे वाटत नाही. पण 'तिला आपले आपण जाऊ दे' हा निर्णय घेणारे घर या चित्राची कल्पना असताना तो घेत नाही. माझ्याकडे निरोप देऊन गेलेल्या आणि नंतर पुन्हा भेटलेल्या माणसांपैकी 'आम्ही फार घाई केली' असे म्हणणारी थोडी आहेत. 'आम्ही फार थांबलो' असे म्हणणारी पुष्कळ आहेत, आणि तुम्हाला सांगितलेच आहे, त्यांच्यात मीही आहे.

तो दिवस आला तर प्रत्यक्षात काय घडते हे आधी माहीत असणे चांगले, कारण अज्ञानातून आलेली भीती त्या खोलीत फार जागा व्यापते. आधी गुंगीचे इंजेक्शन देतात. पाच-दहा मिनिटांत ती तुमच्या हाताखाली गाढ झोपते. मग पायाच्या शिरेत बसवलेल्या नळीतून भूल देणारे औषध मोठ्या मात्रेत देतात. आधी शुद्ध पूर्ण हरपते, मग श्वास थांबतो, मग हृदय. औषध शिरेत गेल्यापासून हे बहुधा एक-दोन मिनिटांत होते. डोळे उघडेच राहतात, लघवी होऊ शकते, आणि हृदय थांबल्यावरही स्नायू थरथरू शकतात किंवा एखादा खोल उसासा येतो. तो उसासा ऐकून माणसे हादरतात, 'ती जिवंत आहे' असे ओरडतात. ती तेव्हा नसते. शरीरातल्या प्रतिक्षिप्त क्रियेचा तो आवाज असतो. शक्य असेल तर डॉक्टरांना घरी बोलवा, तिच्या नेहमीच्या अंथरुणावर. आणि जवळ राहता आले तर राहा. ज्यांना ते खरोखरच झेपत नाही त्यांना मी कधी आग्रह करत नाही. गुंगी चढेपर्यंत थांबून मग बाहेर गेलात तरी तिला शेवटचा आठवणारा हात तुमचाच असतो.

तुमच्या मुलाविषयी. ९ वर्षांच्या मुलाला मृत्यू कायमचा असतो हे कळते, तेव्हा त्याला खरे सांगा आणि आत्ताच सांगायला सुरुवात करा. 'झोपवले', 'देवाघरी फिरायला गेली', 'दवाखान्यातच राहिली' असे शब्द वापरू नका. झोपवले म्हटल्यावर झोपेची किंवा पुढे स्वतःच्या एखाद्या शस्त्रक्रियेत भूल घेण्याची धास्ती घेतलेली मुले मी पाहिली आहेत. 'तिची मूत्रपिंडे झिजली आहेत, ती बरी होणार नाही, तिला फार त्रास होऊ लागला तर डॉक्टर तिला न दुखता मरायला मदत करतील', इतके साधे वाक्य त्याला पेलते. त्याला एखादे खरे काम द्या : रोज सकाळी तिचे पाणी मोजून भांड्यात ओतणे आणि दुसऱ्या दिवशी उरलेले मोजून वहीत लिहिणे. हे नुसते मन रमवण्यासाठी नाही. २४ तासांत दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरच्या वर पाणी जात असेल तर ते अति समजतात, आणि हा आकडा वाढतो की घटतो हे आम्हाला उपचारासाठी हवेच असते. शेवटच्या दिवशी त्याला खोलीत थांबायचे आहे की नाही हे त्याला ठरवू द्या, आणि तुम्हाला रडताना पाहिले तर पाहू द्या.

घरातल्या दुसऱ्या कुत्र्यालाही फरक पडतो. २०२२ साली इटलीतल्या एका पाहणीत, सोबतचा कुत्रा गेल्यावर मागे राहिलेल्या कुत्र्याचे वागणे बदलले असे बहुसंख्य मालकांनी सांगितले : तो माणसांना जास्त चिकटतो, कमी खेळतो, आणि काही कुत्री जास्त झोपतात किंवा कमी खातात. चिमी गेल्यावर त्याला तिचा वास घेऊ द्या, तिचे अंथरूण लगेच धुऊन टाकू नका, आणि त्याच्या फिरण्या-जेवण्याच्या वेळा अजिबात हलवू नका. दोन दिवसांहून जास्त त्याने अन्नाला तोंड लावले नाही तर त्याला दाखवून घ्या. दुःखाच्या नावाखाली आजार झाकला जातो.

उरला यजमानांचा प्रश्न, आणि तो मी हलका समजत नाही. 'पुन्हा कुत्रा नको' म्हणणारी माणसे निष्ठुर नसतात. बहुतेक वेळा घरात सर्वांत जास्त तीच गुंतलेली असतात. एवढ्याशा जनावरासाठी इतके काय, असे लोक म्हणतील या धाकाने ती रडतही नाहीत. ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही त्याचा अभ्यास केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ साली मांडला, आणि पाळीव प्राण्याच्या मृत्यूचे दुःख त्यात अगदी चपखल बसते : सुतक नाही, रजा नाही, भेटायला कुणी येत नाही. त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली एक पुरातन दफन सापडले. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे, एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्रे. त्यातल्या एका पिलाच्या दातांचा पुढे शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. साधारण सात महिन्यांच्या त्या पिलाला बहुधा डिस्टेंपर हा कुत्र्यांचा गंभीर विषाणूजन्य आजार झाला होता, आणि आजाराच्या अनेक फेऱ्यांतून ते काही आठवडे तगले होते. डिस्टेंपरमध्ये पिलू स्वतः खाऊ-पिऊ शकत नाही, अंग पुसावे लागते, ऊब द्यावी लागते. त्या आजारी पिलाचा शिकारीला किंवा राखणीला काडीचाही उपयोग नव्हता. तरी कुणीतरी त्याची इतके दिवस शुश्रूषा केली, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. यजमान आज जे सोसत आहेत त्याला एवढी जुनी सोबत आहे, हे त्यांच्या कानावर घाला.

पुन्हा कुत्रा आणायचा की नाही, हे आत्ता ठरवू नका, आणि चिमी गेल्यावर पहिल्या काही महिन्यांतही ठरवू नका. ना हो, ना नाही. घाईने आणलेल्या पिलाला सतत जुन्या कुत्र्याशी तोलले जाते आणि बिचाऱ्याला ते समजतही नाही. काही घरे वर्षाने आणतात, काही कधीच आणत नाहीत, आणि दोन्ही घरांत मला काही चुकलेले दिसत नाही. माझ्या घरी बंड्यानंतर चार वर्षे कुत्रा नव्हता. आता आहे, आणि ती कुशीवर झोपली की मी अजूनही तिचे श्वास मोजते.

पुढच्या तपासणीला जाण्याआधी एवढे करा. मुलाच्या वहीतले पाण्याचे आकडे, तुमची तीन गोष्टींची यादी आणि ती एकटी असतानाचे चित्रीकरण सोबत घ्या. तिचे वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर करा. डॉक्टरांना रक्तदाब, लघवीतली प्रथिने आणि रक्तातले फॉस्फरस याविषयी विचारा, मळमळीचे औषध मागून घ्या, आणि वेळ आली तर ते घरी येऊ शकतील का, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, हेही त्याच दिवशी विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.